पिवळ्यांची मॅच असली की

वजनाच्या बारच्या दुसऱ्या बाजूला प्लेट सरकवून त्याने क्लिप दाबली आणि बेंचवर आडवा होणार, एवढ्यात जिन्याच्या तळाशी लेक उभी दिसली. एका हातात पर्स, दुसऱ्या हाताने कठडा धरलेला. या तळघरात ती पहिल्यांदाच उतरली होती.

"बाबा, चला घरी."

तो उठून बसला. "काय झालं?"

"काही झालं नाही. मॅच आहे ना आज. दोघं बसून बघू."

त्याने गळ्यातल्या टॉवेलने तोंड पुसलं. अजून घाम आला नव्हता, तरी पुसलं.

कोपऱ्यात जिमचे मालक, सगळे त्यांना मास्तर म्हणत, एका डंबेलच्या मुठीला पट्टी गुंडाळत बसले होते. मान खाली होती, पण कान इकडेच होते.

"जा हो लिफ्टवाले," ते म्हणाले. "पोरगी एवढी बोलवायला आलीय. टीव्हीसमोर मस्त मांडी घालून बसा. आम्हा निळ्यांवर उपकार होतील."

"तुम्ही गप्प बसा, मास्तर."

"गप्प कसा बसू? आज आमच्याविरुद्ध तुमचे पिवळे जिंकले नाहीत तर गेले खालच्या गटात. मग पुढच्या वर्षी मी कुणाच्या नावाने बोटं मोडायची? तरीपण जा. मोठ्या मनाने सांगतोय."

लेक हसली. तो हसला नाही. बारकडे बघत बसला. चढवलेल्या प्लेटा तशाच सोडून जायची त्याला सवय नव्हती.

"बाबा," लेक जरा खालच्या आवाजात म्हणाली, "मी उद्या जाणार. आज आल्यापासून तुमच्याशी धड बोलणंही झालं नाही. आणि आता आई नाहीये. कोण हाकलतंय तुम्हाला घरातून?"

त्याने क्लिप काढली, प्लेटा उतरवून जागेवर लावल्या, बॅग उचलली. मास्तर आता वर बघत होते. चेष्टा त्यांच्या चेहऱ्यावरून उतरली होती.

पिवळ्यांची, म्हणजे पिवळ्या जर्सीच्या फुटबॉल टीमची, मॅच असली की घरात थांबायचं नाही, हा नियम त्याच्या बायकोने घालून दिला होता, आणि तोही लग्नाच्या पहिल्याच वर्षी.

तिचे वडील स्टेडियमवर माळी होते. गवत कापायचे, चुन्याच्या रेघा मारायचे. पोर चालायला लागली तशी त्यांच्या मागे मैदानावर जाऊ लागली आणि पिवळे तिच्या नात्यातलेच होऊन बसले. कोण सख्खा आणि कोण चुलत, एवढाच काय तो प्रश्न. पुढे ती बस डेपोत माईकवरून गाड्या पुकारायला लागली, तरी मॅचच्या दिवशीची ड्यूटी बदलून घ्यायची म्हणजे घ्यायचीच.

त्याला फुटबॉलचं काही नव्हतं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. लिफ्टच्या अंधाऱ्या शाफ्टमध्ये उभं राहून दोरांना ग्रीस लावायचा, घरी येऊन जेवायचा, झोपायचा. नवीन लग्न झालेलं. बायको टीव्हीसमोर बसते तर आपणही बसावं, म्हणून बसला. पिवळे हरले. पुढच्या वेळी बसला, पुन्हा हरले. त्यानंतरच्या वेळी तो कामावरून आला तेव्हा पिवळे एका गोलने पुढे होते. तो टेकला, बूट काढायला लागला, आणि दुसरा बूट हातात असतानाच समोरच्यांनी बरोबरी केली. मोजे काढेपर्यंत आणखी एक गोल बसला.

"अहो, उठा," ती म्हणाली.

"का?"

"उठा म्हणते ना आधी. बाहेर जा. कुठेही जा."

"अगं, जेवलो नाही मी अजून."

"मॅच संपली की वाढते."

तो अनवाणीच जिन्यात जाऊन बसला. मोजे हातात होते, ते त्याने नीट घड्या घालून ठेवले. थोड्या वेळाने आतून तिची आरोळी आली. मग आणखी एक. मग दार उघडलं, तिने त्याला हाताला धरून आत ओढलं आणि गरम गरम वाढलं.

"माणूस लाख चांगला आहे," वाढता वाढता ती म्हणाली, "पण तुमचा पायगुण काही खरा नाही."

ही सगळी गंमत होती. निदान सुरुवातीला तरी. पण तो बाहेर गेला की पिवळे जिंकतात असं आणखी दोन-चारदा झालं, आणि मग कोणी ते तपासून बघायच्या भानगडीत पडलं नाही. हरले तरी ती म्हणायची, "तुम्ही असतात तर याहून वाईट हरले असते."

सुरुवातीला तो कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात जाऊन बसे. पण तिथे रेडिओ होता. आणि बायकोने ही गोष्ट शेजारणींना सांगितली होती, शेजारणींनी आपापल्या नवऱ्यांना. एकदा पिवळे मागे पडले तशा दुकानातल्या सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. चहावाल्याने पैसे घेतले नाहीत, नुसतं हाताने दार दाखवलं.

राहता राहिली मास्तरांची जिम. अख्ख्या वस्तीत मास्तर एकटे निळ्यांचे. पिवळ्यांचं कौतुक कानावर पडू नये म्हणून त्यांनी तळघरात ना टीव्ही ठेवला होता ना रेडिओ. तो खाली उतरला आणि एका बेंचच्या टोकाशी टेकला.

"बसायचं असेल तर बाहेर पायऱ्या आहेत," मास्तर म्हणाले. "आत आलात तर काहीतरी उचला."

त्याने उचललं.

असा तो व्यायामाला लागला. मॅचमागून मॅच त्याचे दंड भरत गेले. मग मॅच नसलेल्या दिवशीही तो जायला लागला, पण मॅचच्या दिवशीची गोष्ट वेगळी. त्या दिवशी जिम रिकामी असायची. मास्तर आणि तो, दोघेच. लोखंड लोखंडाला लागल्याचा आवाज, वरून रस्त्यावरच्या पावलांचा आवाज, आणि दोघांच्याही मनात मॅचच असायची, पण दोघंही फुटबॉलचं नाव काढायचे नाहीत. बायकोने त्याला कॅनव्हासचे बूट आणून दिले. त्याच्या शर्टाच्या बाह्या दंडाला घट्ट व्हायला लागल्या तेव्हा शेजारणींसमोर म्हणाली, "टीमचं सोडा, माझा नवरा तरी फॉर्मात आहे."

खरी मॅच तो घरी आल्यावर सुरू व्हायची. ती ताट वाढायची, समोर बसायची आणि पहिल्या शिट्टीपासून सांगायला लागायची. डेपोतला माईक तिच्या गळ्यातच बसवलेला होता. "उजव्या बाजूने निघालेली गाडी, मधल्या थांब्यावर न थांबता, थेट जाते आहे," असं ती सुरू करायची, आणि तो घास हातात धरून थांबायचा. खेळाडूंची खरी नावं त्याला कधी कळलीच नाहीत. गोलकीपर म्हणजे उंट, कारण मान लांब आणि चेहरा सदा उपाशी. बचाव करायचा सोडून पुढे पळणारा आणि वेळेवर परत न येणारा तो माहेरवाशीण. आणि कमरेवर हात ठेवून उभा राहणारा, सगळं पुढ्यात आणून वाढावं अशी वाट बघणारा, तो जावईबापू. खेळाडू बदलत गेले, पण नावं तीच राहिली. एक उंट गेला की नवा उंट यायचा. तिच्या सांगण्यात पिवळे कधी नुसते हरायचे नाहीत. त्यांच्यावर अन्याय व्हायचा, वारा उलटा वाहायचा, पंचाची बायको निळ्यांच्या घरातली निघायची.

मागच्या हंगामात ती हॉस्पिटलमध्ये होती. मॅच होती. नर्सने आपला फोन उशीला टेकवून लावून दिला होता. तेवढ्याशा पडद्यावर ती डोळे बारीक करून पिवळे शोधत होती आणि तो पलंगाच्या पायथ्याशी बसला होता. तिने काही न बोलता नुसती दाराकडे मान केली. तो उठला. बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. आत ती एकदा हसलेली ऐकू आली, एकदा बराच वेळ खोकताना. तरी तो आत गेला नाही. पिवळे जिंकले. तो परत आला तेव्हा ती डोळे मिटून पडली होती.

"नंतर सांगते हं," ती म्हणाली.

ती मॅच सांगायची राहून गेली.

लेक भराभर चालत होती, तो तिच्या मागून. फुटपाथवर ठिकठिकाणी पिवळ्या पट्ट्या बांधलेल्या होत्या. लॉन्ड्रीवाल्याने दुकानाबाहेर खुर्च्या मांडल्या होत्या आणि टीव्ही इस्त्रीच्या टेबलावर आणून ठेवला होता. त्याने याला घराकडे जाताना बघितलं आणि हातातला रिमोट तसाच धरून बघत राहिला.

"बाबा, एक सांगा," लेक म्हणाली. "यंदा तुम्ही एक तरी मॅच बघितली का?"

"नाही."

"तरी हरतायत ना? तळाला गेलेत. मग तुमचा काय संबंध?"

"बघितल्या असत्या तर यापेक्षाही..."

"यापेक्षा खाली काय आहे? पाताळ?"

घरापाशी आल्यावर लेक थांबली आणि त्याच्या हातातली बॅग तिने स्वतःच्या खांद्यावर घेतली.

"मला फुटबॉलमधलं काही कळत नाही, तुम्हाला माहितीये," ती म्हणाली. "लहानपणी मी आतल्या खोलीत कानात बोळे घालून अभ्यास करायचे. पण आज आईची टीम आहे. मला एकटीला नाही बघवणार."

घरात समोरच्या वहिनी आधीच येऊन बसल्या होत्या. लेकीनेच बोलावलं होतं. वहिनी म्हणजे बायकोची मॅचमधली जोडीदारीण. दोघींनी मिळून आजवर दोन स्टुलं आणि एक फुलदाणी फोडली होती. त्या कोचाच्या डाव्या टोकाला बसल्या होत्या, नेहमीसारख्या. उजवं टोक रिकामं होतं. त्याला बघून त्या अर्ध्या उठल्या.

"काय भाऊजी, काही विसरलं का?"

"नाही."

"मग?"

"काकू, बाबा बघणार आहेत आज," लेक म्हणाली.

वहिनींनी एकदा टीव्हीकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. "आजच? बाळा, वर्षभर मॅचेस होत्या. आजचाच मुहूर्त सापडला?"

"काकू, असं काही नसतं."

"नसतं गं, नसतं. मला कळतं ते." वहिनी पुन्हा बसल्या. "भाऊजी, निदान दाराजवळ बसा. म्हणजे आतही नाही, बाहेरही नाही."

लेकीने ऐकलं नाही. तिने त्याला दंडाला धरून कोचाच्या उजव्या टोकाशी नेलं. तो तिथे बसला नाही. बाजूची खुर्ची ओढली आणि तिच्या कडेवर, कोणी उठ म्हटलं तर लगेच उठता यावं असा, बसला.

शिट्टी वाजली.

सुरुवातीला त्याला काही दिसेचना. हिरव्या रंगावर पिवळे आणि निळे ठिपके इकडून तिकडे. समालोचन करणारा माणूस नावांमागून नावं घेत होता आणि त्यातलं एकही त्याच्या ओळखीचं नव्हतं. मग गोलपोस्टमध्ये उभा असलेला एक जण पडद्यावर मोठा दिसला. लांब मान, खोल गेलेले गाल.

"हा उंट," तो म्हणाला.

वहिनींनी झटकन वळून बघितलं. "तुम्हाला काय माहीत?"

तो पुढे वाकला. आता एकेक जण ओळखू यायला लागला. मैदानाच्या मध्यावर एक जण कमरेवर हात ठेवून उभा होता, जेवायची वेळ झाली तरी पान मांडलं नाही म्हणून रुसल्यासारखा. उजवीकडून एक जण पुढे पळत गेला आणि परत यायचं नावच घेईना. त्याने गुडघ्यावर थाप मारली. सगळे होते. तिने सांगितले तसे, जिथल्या तिथे.

"वहिनी, ही माहेरवाशीण गेली बघा."

"येईल संध्याकाळपर्यंत," वहिनी म्हणाल्या आणि एकदम हसल्या. हसता हसता पदराने डोळे टिपले. लेक दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

चेंडू डावीकडून वर आला. जावईबापूने कमरेवरचे हात काढायचे कष्टही घेतले नाहीत, नुसतं डोकं पुढे केलं. जाळं हललं.

वहिनी ओरडल्या. खालून लॉन्ड्रीपाशी आरडाओरडा झाला. भिंतीपलीकडून कोणीतरी भांडं आपटलं. लेक उभी राहून टाळ्या वाजवत होती. तिला मजा येत होती, हे तिचं तिलाच नवल वाटत असावं. तो मात्र खुर्चीच्या कडेवर तसाच होता. पिवळे पुढे होते आणि तो घरात होता.

"बघितलंत?" लेक त्याच्याकडे वळून म्हणाली. "काही होत नाही. उगाच इतकी वर्षं बाहेर बसलात."

ती सहज बोलली आणि पुन्हा टीव्हीकडे बघायला लागली. त्याने कोचाच्या रिकाम्या टोकाकडे बघितलं. मग हाताचे तळवे उलटे करून बघितले. बोटांच्या मुळाशी बार धरून धरून घट्टे पडले होते.

मध्यंतरात लेकीने चहा आणला. वहिनी बोलत होत्या, मागच्या कुठल्या कुठल्या मॅच काढत होत्या, आणि तो हं हं करत होता. त्याला हॉस्पिटलमधला बाक आठवत होता. दार पूर्ण लागत नव्हतं. फटीतून पलंगाचा कोपरा दिसत होता, आणि चादरीखाली तिचा पाय. मॅचभर तो त्या पायाकडे बघत बसला होता. आत जाऊन नुसतं बसता आलं असतं. तिने हाकललं असतं तर हसून म्हणता आलं असतं, नाही जात. पण त्याला वाटलं होतं, एवढंच तर आपल्या हातात आहे. औषधं डॉक्टर देतात, सुया नर्स देते. पिवळ्यांना जिंकवायचं तेवढं आपण करू.

चहा तसाच राहिला. त्यावर साय धरली.

मध्यंतरानंतर निळे जोरात आले. उंटाने एक अडवला, दुसरा बोटांच्या टोकाने वरून काढला. वहिनींनी उशी छातीशी धरली होती. मग अचानक चेंडू सुटला आणि पिवळ्यांचा एक लहानखुरा खेळाडू एकटाच धावत सुटला, समोर फक्त निळ्यांचा गोलकीपर. वहिनी आणि लेक दोघी एकदम उठल्या. लेकीने त्याचा खांदा गच्च धरला.

बाहेर जाऊ दे, असं त्याच्या मनात आलं. बाहेर जाऊ दे हा चेंडू.

चेंडू आत गेला.

त्याच्या कपाळावर घाम आला होता. जिममध्ये आला नव्हता तो आता आला. तिची टीम वाचत होती, आणि ती वाचू नये असं त्याला वाटून गेलं होतं, भर घरात, तिच्या कोचाशेजारी बसून.

"भाऊजी," वहिनी धापा टाकत म्हणाल्या, "उगाच आळ घेतला हो आम्ही तुमच्यावर. आज त्या असत्या ना, तर कान धरून माफी मागितली असती तुमची. म्हणाल्या असत्या, या, बसा इथे माझ्याजवळ."

तो उठला.

"पाणी हवंय का?" लेकीने विचारलं.

"नको."

दाराशी जाऊन तो वाकला आणि बूट घालू लागला. नाड्या नीट बांधल्या. लेकीने वळून बघितलं तेव्हा बॅग त्याच्या खांद्यावर होती.

"बाबा? अहो, थोडाच वेळ राहिलाय आता. जिंकतोय आपण."

"म्हणूनच," तो म्हणाला आणि दार ओढून घेतलं.

जिन्यात कोणी नव्हतं. रस्त्यावर कोणी नव्हतं. लॉन्ड्रीपुढची माणसं पाठमोरी होती. त्यांच्यामागून तो भिंतीला लागून गेला, टीव्हीच्या बाजूला मान न वळवता. पुढे चांभाराचं बंद दुकान होतं. तिथे तो पोचला आणि एकदम सगळ्या खिडक्यांतून एकाच वेळी आवाज आला. आनंदाचा नव्हे. पोटात गुद्दा बसल्यावर निघतो तसा.

तो थांबला. घरापासून तो बराच लांब आला होता. नजर पोचणार नाही, पायगुण लागणार नाही, इतका लांब. एक पाऊल त्याने मागे टाकलंसुद्धा. मग बॅगेचा पट्टा नीट केला आणि खाली मान घालून जिमकडे चालू लागला, आधीपेक्षा भराभर.

तळघराचं दार उघडं होतं आणि आत मास्तर नव्हते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ते जिम उघडी टाकून कुठेतरी मॅच बघायला गेले होते. त्याने बारवर प्लेटा चढवल्या, क्लिपा लावल्या. बेंचवर आडवा झाला आणि उचलायला लागला. खाली, छातीला टेकवून, वर. खाली, वर. वरून काहीही ऐकू येत नव्हतं. दंड थरथरायला लागले तरी तो थांबला नाही. मग बार हुकांवर ठेवला, थोडं थांबला, आणि पुन्हा घेतला. घामाचा एक थेंब कानात गेला, तो तसाच राहू दिला.

जिन्यावर पावलं वाजली तेव्हा बार छातीवर होता. त्याने तो वर नेला आणि हुकांवर ठेवला.

लेक शेवटच्या पायरीवर उभी होती. धावत आली असावी. केस सुटले होते.

"जिंकलो," ती म्हणाली. "वाचलो बाबा. वरच्याच गटात राहिलो."

तो उठून बसला. "किती?"

"दोन-एक."

त्याने टॉवेल घेतला, मान पुसली, मग एकेक बोट पुसलं. लेक वाट बघत होती. तिला वाटलं असावं, आता तरी हे हसतील.

"तो एक," त्याने विचारलं, "कधी बसला?"

लेकीने तोंड उघडलं आणि मिटलं. तिने त्याच्याकडे बघितलं. घामाने भिजून अंगाला चिकटलेला शर्ट, बार पुसायचं फडकं, त्याच्या मागे ओळीने लावून ठेवलेली लोखंडी वजनं. बघता बघता तिचा चेहरा बदलला. ती खाली उतरून त्याच्यासमोर आली.

"तुम्ही दारात बूट घालत होतात ना," ती म्हणाली, "तेव्हाच."

"मी आत होतो?"

"आतच होतात. नाड्या बांधत होतात. तुमची पाठ होती टीव्हीकडे, म्हणून कळलं नाही तुम्हाला."

"वहिनी ओरडल्या नाहीत?"

"काकूंची तर वाचाच गेली." लेकीची नजर हलली नाही. "मग तुम्ही दार ओढलंत. आणि त्यानंतर काही नाही. उंटाने सगळं अडवलं. एकसुद्धा आत जाऊ दिला नाही. तुम्ही उठला नसतात तर काही खरं नव्हतं."

चांभाराच्या दुकानापाशी ऐकलेला आवाज अजून त्याच्या कानात होता. त्याने लेकीकडे बघितलं. तिचा खालचा ओठ किंचित थरथरत होता, पण मान ताठ होती. खोटं बोलायची तिला लहानपणापासून कधी सवय नव्हती.

"वाटलंच मला," तो म्हणाला.

"आई बरोबरच म्हणायची."

"म्हणायचीच."

तो बेंचवर थोडा सरकला. लेक शेजारी बसली. पर्स मांडीवर घेतली आणि तिच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. वरून आता माणसांचे, गाड्यांच्या भोंग्यांचे आवाज यायला लागले होते.

"सांग," तो म्हणाला.

"काय?"

"मॅच. पहिल्यापासून सांग."

"पहिल्यापासून तर तुम्ही होतात की."

"माझं लक्ष नव्हतं. तू सांग."

लेकीने पर्स बाजूला ठेवली. मग घसा खाकरून ती सांगायला लागली. चुकत, अडखळत, उजवीकडचं डावीकडे करत, कोणी कुणाला चेंडू दिला ते आपल्या मनाने जोडून घेत. पंचाने म्हणे पिवळ्यांचा एक सरळ गोल नाकारला. त्याने तो बघितला नव्हता. तसं काही झालंच नव्हतं. टॉवेल गुडघ्यावर ठेवून तो ऐकत राहिला, आणि ती जरा थांबली की विचारत राहिला, "मग?"